बांधायचं किती, सोडायचं किती

सप्टेंबर २०२४ चा पहिला आठवडा. पॅरिस पॅरालिम्पिक ऐन भरात होतं आणि दोन मैदानांवर एकमेकांच्या अगदी उलट असे दोन नियम पाळले जात होते. व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात घोडेस्वारांचे बूट रिकिबीला रबरबँडने जोडलेले दिसत होते. तिथला नियम असा, की स्वार पडायला लागला तर तो रबरबँड तुटलाच पाहिजे. स्टाड द फ्रान्सवर बसून गोळा फेकणाऱ्यांच्या मांड्यांवरून पट्टे आवळलेले होते. तिथे पट्ट्याने किंचितही ताणायचं नाही, कारण फेकताना बूड खुर्चीवरून उचललं गेलं की लाल झेंडा वर.

अपंग खेळाडूंचे खेळ पाहताना आपली नजर आधी माणसाच्या शरीरावर जाते, काय आहे आणि काय नाही यावर. माझं म्हणणं, ती आधी पट्ट्यावर, दोरीवर, रबरावर न्यावी. शरीर जे काम करू शकत नाही ते कुणाकडे सोपवलंय आणि किती सोपवायची परवानगी आहे, हे तिथे दिसतं. त्या खेळाची सगळी अक्कल त्या मर्यादेत असते. घोडेस्वारीत ती सर्वांत बारकाईने आखलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पॅरालिम्पिकमध्ये घोडेस्वारीचा एकच प्रकार आहे, ड्रेसाज. अडथळ्यांवरून उड्या नाहीत, शर्यत नाही. वाळूच्या आयताकृती रिंगणात घोड्याने ठरवून दिलेल्या चाली, वर्तुळं, वळणं आणि थांबे करून दाखवायचे. रिंगणाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या असतात. स्वार 'ए'पाशी आत येतो, मधल्या रेषेवरून सरळ जातो आणि समोर 'सी'पाशी मुख्य पंच बसलेले असतात. पॅरालिम्पिकला एकूण पाच पंच वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात, अर्धा गुणही देता येतो. काही हालचालींचे गुण दुप्पट धरतात. सगळ्याची टक्केवारी काढली जाते. या पातळीवर सत्तर टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला पदकाची आशा फारशी नसते.

स्पर्धक पाच ग्रेडमध्ये विभागलेले असतात. ग्रेड एकमधल्या स्वारांवर शारीरिक मर्यादा सर्वांत जास्त, पाचमध्ये सर्वांत कमी. ग्रेड एकचा घोडा पूर्ण वेळ पावलं टाकत चालतो. दोन आणि तीनमध्ये चालण्याबरोबर दुडकी येते. चार आणि पाचमध्ये कँटरही, म्हणजे तीन ठोक्यांची संथ दौड, करावा लागतो, शिवाय घोड्याने तिरकं, बाजूला सरकत जाणं वगैरे अवघड चाली. पहिल्या तीन ग्रेडना ४० बाय २० मीटरचं रिंगण, वरच्या दोघांना ६० बाय २० मीटरचं. दृष्टिहीन स्वार चार आणि पाच या ग्रेडमध्ये असतात. त्यांच्यासाठी रिंगणाभोवती माणसं उभी राहून अक्षरं पुकारतात, म्हणजे आवाजाच्या दिशेवरून कोपरा कुठे आला ते कळतं. स्त्री-पुरुष एकत्रच खेळतात. पॅरिसमध्ये ७८ स्वार होते आणि ११ सुवर्णपदकं: प्रत्येक ग्रेडला नेमून दिलेल्या चालींचं एक, संगीतावर स्वतः बसवलेल्या चालींचं एक, आणि सांघिक एक.

ग्रेड कसा ठरतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. आजाराच्या नावावरून तो ठरत नाही. प्रशिक्षित तपासनीस स्वाराला घोड्यावरून उतरवून, टेबलावर आणि खुर्चीत तपासतात. प्रत्येक स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात, सांधा किती वळतो ते पाहतात, हातापायांचा ताळमेळ पाहतात. त्यावरून शरीराचा एक नमुना ठरतो आणि नमुन्यावरून ग्रेड. पोलिओ झालेला, मणक्याला मार लागलेला आणि सेरेब्रल पाल्सी असलेला असे तिघे एकाच ग्रेडमध्ये येऊ शकतात. उलट एकच आजार असलेले दोघे दोन टोकांच्या ग्रेडमध्येही जाऊ शकतात. मला ही पद्धत रास्त वाटते. घोड्याला आजाराचं नाव कळत नाही, त्याला कळतं ते पाठीवरचं वजन आणि पोटाला लागणारा पाय.

घोड्याशी बोलायची साधनं मोजकी असतात. खोगिरात टेकलेली बैठक, दोन पाय, लगाम धरलेले दोन हात, आणि चाबूक. पायाने पोटाला हलका दाब दिला की घोडा पुढे जातो, दाब जरा मागे दिला की मागचा भाग बाजूला घेतो. आता पाय अजिबात चालत नसतील तर? तेव्हा दोन्ही हातांत एकेक लांब चाबूक धरायला परवानगी मिळते. तो मारण्यासाठी नसतो. पायाचा दाब जिथे लागला असता त्याच जागी चाबकाचं टोक टेकवायचं, म्हणजे तोच पाय. ज्याला हात नाहीत तो लगाम पायाच्या बोटांत किंवा दातांत धरतो. जर्मनीच्या बेटिना आयस्टेलने अशाच पद्धतीने पॅरालिम्पिक पदकं मिळवली आहेत.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत घोड्याच्या शिकवणीत आहे. आठवडाभर प्रशिक्षक घोडा फिरवतो. त्याचे पाय धडधाकट असतात आणि सवयीने तो पायच वापरतो. मग शनिवारी स्वार चढतो, चाबूक टेकवतो आणि घोडा बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या लेखी पुढे जायचा इशारा पोटावर पायाने मिळतो. म्हणून जाणता प्रशिक्षक अशा घोड्यावर बसला की स्वतःचे पाय मोकळे सोडतो आणि स्वाराच्याच इशाऱ्यांनी घोडा चालवतो. हे रोज केलं नाही तर घोडा दोन भाषांच्या मध्ये अडकतो. चालताना थबकतो, कान मागे-पुढे करत राहतो आणि पंच लगेच गुण कापतात.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. स्वाराच्या पायात अचानक आकडी येते, स्नायू ताठरतात आणि टाच घोड्याच्या पोटाला लागते. साध्या शिकवलेल्या घोड्याला तो 'पळ' असा हुकूम वाटेल. या घोड्याला मात्र शिकवावं लागतं की बैठक आणि चाबूक यांचा इशारा आला तरच ऐकायचं, नुसता पाय लागला तर सोडून द्यायचं. म्हणजे घोडा एकाच वेळी फार हळवा आणि फार सोशिक हवा. असे घोडे थोडे. घोडा निवडताना लोक दिखाऊ चालीवर भाळतात, तिथेच चूक होते. मोठी उसळी घेणारा घोडा दुडकीत छान दिसतो, पण कमरेत ताकद नसलेल्या स्वाराला ती उसळी पेलत नाही. त्याचं धड मागे-पुढे आपटतं, हात हलतात, लगामाचे झटके घोड्याच्या तोंडाला बसतात आणि घोडा मान वर करतो. पाठ मऊ ठेवून चालणारा, लांब पण सपाट पावलं टाकणारा घोडा इथे जास्त कामाचा.

ग्रेड एकची नुसती चाल पाहून कुणी म्हणेल, यात काय अवघड? ज्यांना कळतं त्यांना हीच सर्वांत कठीण वाटते. चालीत चार ठोके असतात, चारही खूर वेगवेगळे पडतात आणि मधलं अंतर सारखं हवं. घोडा जरा ताणात आला की एका बाजूचे दोन पाय जोडीने पडायला लागतात आणि चार ठोक्यांचे दोन होतात. दुडकीत वेगाने झाकली जाणारी खोट इथे झाकता येत नाही. डोळे मिटून खुरांचा आवाज ऐकला तरी कळतं. बघताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतो का. दोन, लगाम सैल सोडल्यावर घोडा मान खाली आणि पुढे लांबवतो, की नुसताच ढिला पडतो. तीन, १० मीटरचं वर्तुळ गोल आहे की अंडाकृती. ज्या स्वाराची एक बाजू कमकुवत असते त्याचं वजन नकळत दुसऱ्या बाजूला झुकतं, घोडा त्या वजनाखाली जातो आणि वर्तुळ त्या बाजूला फुगतं. असं होत असेल तर लगाम ओढून काही साधत नाही. खोगिराच्या एका बाजूला खाली पातळ भर घालून बैठक समतोल करावी लागते.

आता पट्ट्यांकडे येऊ. नियमाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: स्वाराला घोड्याला किंवा खोगिराला अशा रीतीने बांधायचं नाही की पडताना तो मोकळा होणार नाही. एरवी खोगिरात बदल करायला बरीच मुभा आहे. गुडघ्यापुढे उंच आधार, मागे उंच कड, पुढच्या बाजूला हात धरायला मऊ पट्टी, बसायच्या जागेवर मेंढीच्या लोकरीचं आवरण. लगामाला ठरावीक अंतरावर फासे शिवतात, म्हणजे पकड नसलेल्या बोटांना ते नुसते अडकवता येतात. दोन्ही लगाम एका आडव्या दांड्याला जोडले तर एका हाताने चालवता येतं. हात थरथरत असेल तर लगामात मध्ये लवचिक तुकडा घालतात. थरथर त्यात जिरते, घोड्याच्या तोंडापर्यंत जात नाही.

पण यातलं काहीही आपल्या मर्जीने वापरता येत नाही. तपासणीच्या वेळी त्या स्वाराच्या नावापुढे कोणकोणती साधनं मंजूर आहेत त्याची नोंद होते आणि स्पर्धेच्या दिवशी तेवढीच चालतात. नोंदीत नसलेला फासा लगामाला दिसला तर अडचण होते. लगामावरून हात काढता न येणाऱ्याने पंचांना नुसती मान लववून सलाम केलेला चालतो, पण त्याचीही नोंद आधी लागते.

सर्वांत जास्त गोंधळ रिकिबीचा होतो. पाय हलका आणि ताकद नसलेला असेल तर तो रिकिबीतून निसटतो, नाहीतर पुढे घसरून घोट्यापर्यंत आत जातो. निसटला तर गुण जातात. आत गेला आणि त्याच क्षणी स्वार पडला तर घोडा त्याला फरपटत नेईल. त्यामुळे पुढून बंद असलेली, डब्यासारखी रिकीब वापरतात, पाय आत घुसूच शकत नाही. पाय निसटू नये म्हणून बूट आणि रिकीब यांच्यावरून रबरबँड लावतात. रिकीब झुलत राहू नये म्हणून ती तंगाला, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणाऱ्या खोगिराच्या पट्ट्याला, बारीक पट्टीने बांधतात. इथे लोक करतात ती चूक अशी: एक रबरबँड तुटला म्हणून दोन लावतात, दोन तुटले म्हणून चार. चार रबरबँड एकत्र आले की तुटत नाहीत, म्हणजे पाय बांधला गेला. पाय सारखाच निसटत असेल तर रिकिबीची लांबी चुकली आहे, किंवा खोगिरामुळे मांडी चुकीच्या कोनात बसते आहे. दुरुस्ती तिथे करायची. वेल्क्रोचंही तसंच. नवं वेल्क्रो फार घट्ट धरतं, जुन्यात लोकर आणि वाळू अडकून ते धरेनासं होतं. म्हणून खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर सगळं सामान चढवायचं, स्वाराला वर बसवायचं, दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा आणि त्याला सावकाश एका बाजूला ओढून पाहायचं. पुढून, मागून, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक दिशेला पट्टा सुटला तरच तो घोड्यावर जाईल.

या खेळाची मुळं एका डॅनिश बाईंपर्यंत जातात. लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालची ताकद गेली. त्यांना घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागत असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज पहिल्यांदाच स्त्रियांसाठी खुलं झालं, आणि 'ज्युबिली' नावाच्या घोडीवर बसून त्यांनी रौप्यपदक मिळवलं. धडधाकट स्पर्धकांमध्ये, कोणतीही सूट न घेता. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. पॅरालिम्पिकमध्ये घोडेस्वारी १९८४ ला न्यूयॉर्कमध्ये आली आणि १९९६ च्या अटलांटापासून कायमची रुळली. सुरुवातीला यजमान देशाने दिलेल्या घोड्यांवर खेळावं लागे, ओळख करून घ्यायला मोजके दिवस मिळत. नंतर स्वतःचा घोडा आणायची पद्धत आली आणि दर्जा एकदम वर गेला. २००८ मध्ये स्पर्धा बीजिंगची असूनही घोडेस्वारी हाँगकाँगला झाली, कारण घोड्यांच्या रोगराईचे आणि विलगीकरणाचे नियम तिथे पाळता येत होते. ब्रिटनच्या ली पिअरसन यांची १४ सुवर्णपदकं आहेत. १९९६ पासून टोकियोपर्यंत सांघिक सुवर्ण दर वेळी ब्रिटननेच नेलं. व्हर्सायला ती मालिका तुटली आणि अमेरिका पहिली आली.

घोड्यावरून उतरून फेकीच्या मैदानावर आलं की पट्ट्याचा नियम उलटा होतो. बसून फेकणाऱ्यांसाठी लोखंडी चौकट असते. उशीसकट बैठकीची उंची जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर. चौकट वर्तुळाच्या आत, पाय ठेवायच्या फळीसकट. तिला चार बाजूंनी रॅचेटचे, म्हणजे दातेरी कळीने आवळायचे, पट्टे लावून जमिनीतल्या कड्यांना ताणून बांधतात. पुढे एक उभा दांडा, जो न फेकणाऱ्या हाताने धरायचा. तो सरळ आणि एकसंध हवा, वाकवलेला किंवा स्प्रिंगसारखा झुलणारा चालत नाही, कारण तसा दांडा साठवलेला जोर परत देईल. स्पर्धकाला बांधायचे पट्टे न ताणणारे हवेत, तेही याच कारणाने. फेकायची वस्तू हातात घेऊन पवित्रा घेतल्यापासून फेक पूर्ण होईपर्यंत बूड बैठकीला टेकलेलं राहिलं पाहिजे आणि पंच नेमके तिथेच डोळे लावून बसलेले असतात.

बिघडतं ते असं. मांडीवरचा पट्टा जरा ढिला राहिला की जोर लावताना कंबर उचलली जाते आणि फेक बाद. फार आवळला तर कंबर फिरत नाही आणि अंतर घटतं. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना आवळलेला पट्टा किंवा उशीतली घडी टोचल्याचं कळत नाही, त्वचेवर जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. म्हणून पट्ट्याखाली कातडी सरळ आहे ना, कपड्याची चुणी नाही ना, हे सोबत्याने हात फिरवून पाहायचं. चौकट बसवायला वेळ मोजून मिळतो आणि फेकी सलग घ्याव्या लागतात, मध्ये सावरायला सवड नसते. सरावाला लोक चौकट वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवतात. त्यात ती प्रत्येक फेकीला बोटभर सरकते. शरीराला त्या सरकण्याची सवय लागते आणि घट्ट बांधलेल्या चौकटीत फेक बिघडते. सरावालाही जमिनीत कडीच गाडावी, खर्च फार नाही.

नांदेडच्या भाग्यश्री जाधव एफ-३४ वर्गात (एफ म्हणजे फेकीचे खेळ, आकडा शारीरिक मर्यादेच्या प्रकाराचा) अशाच बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता आणि स्पर्धेत त्या पाचव्या आल्या. एफ-५७ मध्ये नागालँडच्या होकाटो सेमा यांनी १४.६५ मीटरवर कांस्य मिळवलं. लष्करात असताना सुरुंगस्फोटात त्यांचा पाय गेला आणि पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये एका अधिकाऱ्याने त्यांची ताकद पाहून त्यांना गोळाफेकीकडे वळवलं. एफ-५१ हा आणखी कठीण वर्ग, तिथे बोटांतही ताकद नसते. त्यांचा खेळ क्लब थ्रो. ३९७ ग्रॅमची लाकडी मोगरी बोटांत धरता येत नाही, म्हणून डिंकासारख्या चिकट पदार्थाने ती हाताला चिकटवतात. चिकट कमी पडला तर मोगरी आधीच सुटते, जास्त झाला तर उशिरा सुटून बाजूला जाते. धरमबीर यांच्या पॅरिसमधल्या पहिल्या चार फेकी बाद झाल्या. पाचवी ३४.९२ मीटर गेली आणि सुवर्ण मिळालं. त्याच स्पर्धेत प्रणव सूरमा दुसरे आले. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं, पण ते उभे राहून फेकतात. त्यांचा वर्ग हाताच्या मर्यादेचा, तिथे चौकट नाही.

धावण्यात तीच गोष्ट हातभर दोरीवर येते. पूर्ण दृष्टिहीन धावपटू डोळ्यांवर पट्टी बांधून सहधावकाबरोबर पळतो आणि दोघांना जोडणारी दोरी न ताणणारी असावी लागते. सहधावकाने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, अंतिम रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. म्हणून उत्तम सहधावक धावपटूपेक्षा बराच वेगवान लागतो, शेवटच्या शंभर मीटरला त्याच्याकडे राखीव दम हवा. हात एकत्र हलले पाहिजेत, म्हणून उंची आणि पावलाची लांबी जुळवून जोडी निवडतात. सिमरन शर्मा यांनी अभय सिंह यांच्या साथीने २०० मीटरमध्ये पॅरिसला कांस्य घेतलं, ती शर्यत पुन्हा पाहा. वळणावर दोघांचे खांदे एका रेषेत राहतात.

याच दोरीने पॅरिसच्या शेवटच्या दिवशी एक पदक हिरावलं. स्पेनच्या एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसऱ्या येत होत्या, चौथी धावपटू बरीच मागे होती. रेषा सुमारे दोन मीटरवर असताना त्यांच्या सहधावकाचे पाय आखडले आणि तो कोसळायला लागला. त्याला सावरण्यासाठी त्यांनी क्षणभर दोरी सोडली, पुन्हा धरली आणि रेषा ओलांडली. त्यांना बाद ठरवण्यात आलं. दोरी सुटू द्यायची नाही हा नियम मला मान्य आहे. दोरी नसेल तर सहधावक हाका मारत पुढे पळेल आणि तो वेगळाच खेळ होईल. पण या प्रसंगी दोरी सोडून फायदा काहीच झाला नव्हता, उलट वेळ गेला होता. किती क्षण, कुठे आणि कशासाठी सुटली हे न पाहता सरसकट बाद करणारा नियम मला अपुरा वाटतो. घोडेस्वारीच्या नियमांत चुकीला पायऱ्या आहेत, आधी गुण कापतात. इथेही वेळेचा दंड लावता आला असता.

बाकीच्या खेळांत ही मर्यादा कुठे आखली आहे ते भराभर सांगतो. गोलबॉल या दृष्टिहीनांच्या चेंडूच्या खेळात सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. १८ बाय ९ मीटरच्या मैदानाच्या रेषांना चिकटपट्टीखाली दोरी घातलेली असते, ती बोटांनी चाचपून खेळाडू आपली जागा ओळखतो. सव्वा किलोच्या चेंडूत घुंगरं असतात, त्यामुळे प्रेक्षकांनी चेंडू खेळात असताना गप्प बसायचं. बोचिया म्हणजे आपला चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा खेळ. त्याच्या बीसी-३ वर्गात, जिथे खेळाडूला स्वतः चेंडू फेकता येत नाही, चेंडू उताराच्या पन्हळीवरून सोडतात आणि पन्हळ हलवणारा सोबती मैदानाकडे पाठ करून बसतो. खेळाडू सांगेल तेवढीच ती हलवायची, स्वतः नेम पाहायचा नाही. तिरंदाजीत हात नसलेल्या शीतल देवी धनुष्य पायाने धरतात आणि प्रत्यंचा खांद्याला लावलेल्या साधनाने ओढतात. पोहण्यात मात्र पाण्यात काहीच नेता येत नाही, ना कृत्रिम पाय, ना पट्टा. हात नसलेला पोहणारा उताण्या शर्यतीच्या सुरुवातीला दातांत टॉवेल धरून राहतो आणि दृष्टिहीनाला भिंत जवळ आल्याचं काठीच्या टोकावरच्या मऊ गोळ्याने थोपटून कळवतात. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहले आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेलं ते शरीर पाण्यात दुसऱ्या कशाच्याही आधाराने गेलं नव्हतं.

पॅरिसला भारताचे ८४ खेळाडू १२ खेळांत उतरले आणि २९ पदकं आली. घोडेस्वारी त्यांत नव्हती. गोळा, धनुष्य, बॅडमिंटनची रॅकेट पिशवीत घालून नेता येते, घोडा नेता येत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण भारताने मिळवलं. त्या चमूतले मुंबईचे हृदय छेडा आणि बाकीचे तिघेही युरोपात राहून, तिथल्याच घोड्यांवर तयार झाले. भारतातून घोडा थेट बाहेर न्यायला रोगमुक्तीची आंतरराष्ट्रीय मान्यता लागते. मीरतच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या रोगमुक्त आवाराला ती जुलै २०२५ मध्ये मिळाली आहे, म्हणजे एक दार उघडलं आहे.

पण त्याआधीचं काम इथे, आपापल्या रायडिंग क्लबमध्ये आहे. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात घोडे आहेत, रिंगणं आहेत, शिकवणारे आहेत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यासाठी सगळ्यात आधी उतार असलेला फलाट हवा. त्याची उंची एवढी की स्वार खोगिरावर आडवा सरकेल, वर चढावं लागणार नाही. कडेला पकडायला कठडा, आणि खुर्चीची चाकं अडतील अशी पट्टी. घोडा फलाटाला खेटून उभा करायचा. एक माणूस त्याच्या डोक्याशी समोर, दुसरा पलीकडच्या बाजूला ठोकळ्यावर, म्हणजे घोडा अंग काढून बाजूला सरकणार नाही आणि स्वार पलीकडे कलंडला तर हात तयार राहील. फटीत पाय अडकण्याचे अपघात इथेच होतात. त्यामुळे घोड्याने मागचा भाग वळवला की चढवणं थांबवायचं, घोडा एक फेरी फिरवून आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. स्वाराचा पाय घोड्याच्या मानेवरून पुढून न्यायचा असेल तर घोड्याला त्या पायाची सवय आधी रिकाम्या बुटाने करून द्यायची. काठीला बूट बांधायचा, मानेवरून हळूच फिरवायचा, घोडा स्थिर राहिला की लगाम सैल करून त्याला शाबासकी द्यायची. हे पंधरा-वीस दिवस रोज करायचं आणि मग पहिला स्वार बसवायचा.